‘हवेतून’ म्हणजे नेमके कसे?

२८ मार्च २०२०. देशातल्या टाळेबंदीचा चौथा दिवस. त्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने समाजमाध्यमांवर एक संदेश प्रसृत केला. कोविड-१९ हा ‘एअरबोर्न’, म्हणजे हवेतून पसरणारा आजार नाही, असे त्यात ठासून सांगितले होते. ‘नाही’ हा शब्द मुद्दाम मोठ्या अक्षरांत होता आणि हे ‘तथ्य’ असल्याचा शिक्का वर होता. कारणही दिले होते. विषाणू खोकताना, शिंकताना, बोलताना उडणाऱ्या थेंबांतून पसरतो; हे थेंब जड असतात, हवेत तरंगत नाहीत, लगेच खाली पडतात. म्हणून एक मीटर अंतर ठेवा, हात धुवा, पृष्ठभाग पुसत राहा, डोळ्यांना-नाका-तोंडाला हात लावू नका.

पुढचे काही महिने घराघरांत काय चालले होते ते वाचकांना आठवत असेल. भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवली जात होती. किराण्याच्या पिशव्या दोन-दोन दिवस गॅलरीत पडून राहत. दाराच्या कड्या, लिफ्टची बटणे, दुधाच्या पिशव्या पुसून पुसून हाताची साले निघाली. मुंबईत काही काळ वृत्तपत्रांचे वाटपच बंद होते. रस्त्यांवर हायपोक्लोराइटचे फवारे मारले गेले. काही ठिकाणी तर माणसांवरच फवारणी करणारे ‘बोगदे’ उभे राहिले आणि माणसांवर जंतुनाशक मारू नका, अशी सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला एप्रिलमध्ये काढावी लागली. त्याच सुमारास बँका आणि कार्यालयांमध्ये टेबलांवर प्लास्टिकचे पडदे लागले. पडदा आहे म्हणून खिडक्या बंद आणि एसी सुरू. थेंब अडला की काम झाले, असा हिशेब होता.

हे सगळे एका शब्दामुळे घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. हात धुण्याने जुलाबापासून अनेक आजार टळतात, तो सल्ला चुकीचा कधीच नव्हता. पण ‘एअरबोर्न’ या एका शब्दावरून शास्त्रज्ञांमध्ये जवळजवळ दोन वर्षे जो वाद चालला, त्याची किंमत माणसांनी मोजली. आणि हा वाद बराचसा विषाणूबद्दल नव्हताच. तो शब्दाबद्दल होता. दोन्ही बाजूंचे लोक तोच शब्द वापरत होते आणि त्याचा अर्थ वेगवेगळा घेत होते.

त्या संदेशाच्या अठरा दिवस आधीची घटना पाहू. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅली येथे एका गायकवृंदाची तालीम झाली. १० मार्चची संध्याकाळ, ६१ माणसे, अडीच तास. महामारीच्या बातम्या येऊ लागल्या होत्या, म्हणून ही मंडळी काळजी घेत होती. दारात सॅनिटायझर होते, हस्तांदोलन-गळाभेट टाळली होती. त्यांच्यात एकाला सर्दीसारखी लक्षणे होती. पुढच्या काही दिवसांत, त्या एकासह, ६१ पैकी ५३ जण आजारी पडले. ३३ जणांची चाचणी करून खात्री झाली, बाकीच्यांची लक्षणे जुळणारी होती. दोघांचा मृत्यू झाला. एका माणसाच्या तोंडून उडालेले जड थेंब अडीच तासांत पन्नास जणांच्या नाकातोंडात नेमके कसे जाऊन पडले असतील? स्पर्शाने म्हणावे, तर स्पर्श टाळला होता. सगळ्यांनी सारखी केलेली गोष्ट एकच होती. एका खोलीत बसून, खोल श्वास घेत, ते गात होते.

मग ‘हवेतून पसरतो’ असे सरळ का म्हटले गेले नाही?

याचे उत्तर इस्पितळाच्या कारभारात आहे. संसर्ग-नियंत्रण करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांच्या दृष्टीने ‘एअरबोर्न’ हे वर्णन नसून एक वर्ग आहे, सरकारी फाइलवर ‘तातडीचे’ असा शेरा असतो तसा. शेरा पडला की पुढच्या गोष्टी आपोआप ठरतात. आजारांचे तीन कप्पे केलेले असतात: स्पर्शाचे, थेंबांचे आणि हवेचे. थेंबांच्या कप्प्यातल्या रुग्णाजवळ जाताना साधा तीन पदरी मास्क पुरतो. हवेच्या कप्प्यात गोवर, कांजिण्या आणि फुप्फुसाचा क्षय असे मोजकेच मानकरी. तिथे एन-९५ मास्क लागतो, रुग्णासाठी स्वतंत्र खोली लागते, त्या खोलीतली हवा बाहेरच्या व्हरांड्यात न येता वेगळी ओढून घेतली जावी लागते आणि तासाला बारा वेळा बदलली जावी लागते. मार्च २०२० मध्ये जगात एन-९५ मास्क मिळत नव्हते. अशा खोल्या श्रीमंत देशांतही मोजक्याच होत्या. तीस खाटांच्या वॉर्डात पन्नास रुग्ण ठेवणाऱ्या आपल्या सार्वजनिक रुग्णालयांची तर गोष्टच सोडा. तो शब्द उच्चारला असता, तर जगातले बहुतेक दवाखाने त्या क्षणी नियमबाह्य ठरले असते. संघटनेतल्या कोणी हे हिशेब मांडून शब्द टाळला असेल असे नव्हे. पण ज्या शब्दामागे एवढे ओझे बांधलेले आहे, तो उच्चारण्याआधी माणूस जास्तीचा पुरावा मागतो, हे खरे.

दुसरी बाजू भौतिकशास्त्रज्ञांची होती. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या लिडिया मोरावस्का, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकच्या लिन्सी मार ही मंडळी आयुष्यभर धूर, धूळ आणि तुषार यांचा अभ्यास करत आलेली. त्यांच्या लेखी ‘एअरबोर्न’ म्हणजे हवेत तरंगणारा. कण तरंगतो की पडतो, हा प्रश्न मोजमापाचा. त्यात मास्कचा साठा किती आहे, हा मुद्दा येतच नाही. त्यांना तो संदेश वाचून धक्का बसला, कारण त्यात सांगितलेले भौतिकशास्त्रच चुकीचे होते. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांनी आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांशी बैठक घेतली. ती निष्फळ ठरली. जुलैमध्ये मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांनी एक जाहीर निवेदन प्रसिद्ध केले. त्याला २३९ शास्त्रज्ञांचा पाठिंबा होता. संघटनेने तीन दिवसांत टिपण काढले: बंदिस्त, गर्दीच्या जागी अशी शक्यता नाकारता येत नाही, पण आणखी संशोधन हवे.

आणि तिसरा अर्थ होता तुमचा-आमचा. मराठीत ‘रोग हवेतून पसरतो’ म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे रस्त्यावरून, शेतावरून वाहत येणारा वारा उभा राहतो. जंतू बाहेर आहे, तो वाऱ्याबरोबर घरात शिरेल. मग माणूस पहिले काम काय करतो? खिडकी बंद करतो. ‘वारा बाधला’, ‘गार हवा लागली’ असे पिढ्यानपिढ्या ऐकलेल्या समाजात तर हे ठरलेलेच. शास्त्रज्ञाच्या ‘एअरबोर्न’चा अर्थ नेमका उलटा आहे: धोका आतल्या, कोंडलेल्या, दुसऱ्यांनी सोडलेल्या हवेचा, तेव्हा खिडकी उघडा. एकाच शब्दातून एकाने खिडकी उघडावी आणि दुसऱ्याने लावून घ्यावी, इतका हा फरक मोठा आहे. लोक घाबरतील म्हणून शब्द टाळणाऱ्यांची भीती निराधार नव्हती. पण त्यावर उपाय अर्थ समजावून सांगणे हा होता, शब्द नाकारणे हा नव्हे.

वैद्यकाला या शब्दाची एवढी ॲलर्जी का, हे कळायला शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. त्याआधीची कित्येक शतके रोग दूषित हवेने होतात असेच मानले जात होते. ‘मलेरिया’ हा शब्द इटालियन भाषेतल्या ‘वाईट हवा’ या शब्दांपासून आला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला तेव्हा सरकारी उपाययोजनांवर याच समजुतीची छाप होती. चाळींच्या छपरांची कौले काढून ऊन-वारा आत सोडला गेला, भिंतींना चुना फासला. पुढे १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि समुद्राचा वारा दाट वस्तीत खेळावा म्हणून त्याने रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामलदास गांधी मार्ग, हा त्यातलाच. प्रत्यक्षात प्लेग पसरवत होत्या उंदरांच्या अंगावरच्या पिसवा. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून ते दाखवले. त्याच्या आदल्याच वर्षी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला होता. ‘वाईट हवे’चे दोन मोठे बालेकिल्ले लागोपाठ ढासळले.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्य अधिकारी चार्ल्स चेपिन यांनी १९१० मध्ये संसर्गाच्या मार्गांवर एक ग्रंथ लिहिला आणि पुढच्या कैक पिढ्यांचे डॉक्टर त्यावर पोसले गेले. चेपिन यांचे म्हणणे असे, की रोग मुख्यतः स्पर्शाने आणि जवळून उडालेल्या थेंबांनी पसरतात. हवेतून प्रसार अजिबात होत नाही असे काही त्यांनी सिद्ध केले नव्हते आणि तसा त्यांचा दावाही नव्हता. पण लोकांच्या डोक्यातून हवेचे भूत उतरल्याशिवाय ते हात धुणार नाहीत, अशी त्यांची व्यावहारिक चिंता होती. म्हणजे एका काळाच्या प्रबोधनासाठी घेतलेली भूमिका पुढे सिद्धान्त होऊन बसली. हवेचे नाव काढणारा डॉक्टर मागासलेला वाटू लागला.

या प्रवाहाविरुद्ध उभा राहिलेला माणूस डॉक्टर नव्हता, हे विशेष. विल्यम वेल्स हे हार्वर्डमधले स्वच्छता अभियंते. त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड वेल्स मात्र डॉक्टर. वेल्स यांनी १९३४ मध्ये एक साधा प्रश्न विचारला: तोंडातून उडालेला थेंब आधी जमिनीवर पोहोचतो, की आधी सुकतो? मोठा थेंब सुकायच्या आत पडतो. बारीक थेंब पडायच्या आत सुकतो, त्याचा हलका गाभा उरतो आणि तो हवेत तरंगत राहतो. या दोहोंमधली सीमा वेल्स यांच्या हिशेबाप्रमाणे सुमारे १०० मायक्रॉनच्या आसपास येते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा थोडा मोठा थेंबच काय तो झटकन खाली बसतो.

हे सिद्ध करायला वेल्स आणि त्यांचे विद्यार्थी रिचर्ड रायली यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात जो प्रयोग रचला, तो वैद्यकाच्या इतिहासातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी एक आहे. क्षयरुग्णांचा सहा खोल्यांचा एक वॉर्ड घेतला. त्या खोल्यांतली हवा नळ्यांनी ओढून गच्चीवरच्या बंदिस्त जागेत सोडली. तिथे पिंजऱ्यांत गिनिपिग ठेवले होते. रुग्णाशी त्यांचा संबंध फक्त हवेचा. ना स्पर्श, ना थेंब, ना भांडे. महिन्याला सरासरी तीन गिनिपिगांना क्षय झाला. तरी शंका निघाल्या. पाण्यातून झाला असेल, खाद्यातून झाला असेल. मग गिनिपिगांचा आणखी एक गट ठेवला. अन्न-पाणी तेच, वॉर्डही तोच, फक्त या गटाकडे जाणारी हवा वाटेत अतिनील किरणांखालून नेली. या गटातल्या एकालाही क्षय झाला नाही. क्षय हवेतून पसरतो हे तेव्हापासून निर्विवाद झाले. वेल्स १९६३ मध्ये वारले.

पण इथेच एक गंमत झाली, आणि तिचे परिणाम साठ वर्षांनी भोगावे लागले. क्षयाच्या जंतूला रुजायला फुप्फुसाच्या अगदी तळाशी, वायुकोशांपर्यंत पोहोचावे लागते. तिथवर पोहोचायला कण सुमारे पाच मायक्रॉनपेक्षा लहान असावा लागतो. मोठे कण वरच, नाकात, घशात, श्वासनलिकांत अडकतात. हा पाचाचा आकडा म्हणजे कण किती खोल जातो याचा. पाठ्यपुस्तके आणि मार्गदर्शिका एकमेकींवरून लिहिल्या जात असताना तो कण किती वेळ तरंगतो याचा आकडा होऊन बसला. पाचाखालचे ते हवेतले, पाचावरचे ते थेंब, थेंब दोन मीटरच्या आत पडतात, अशी व्याख्या रूढ झाली. ती इतक्या ठिकाणी छापली गेली, की मूळ प्रयोग कोणता, हे विचारायचे कोणाला सुचले नाही. २०२० मध्ये लिन्सी मार आणि सहकाऱ्यांनी हा शोध घ्यायचे ठरवले. केटी रँडल या संशोधक विद्यार्थिनीने जुने ग्रंथ उपसले आणि त्या उपसण्यातून क्षयाच्या प्रयोगांपर्यंत माग लागला.

ही चूक किती मोठी होती ते कोणालाही साध्या हिशेबाने पाहता येते. उभ्या माणसाच्या तोंडापासून जमीन दीडेक मीटर. स्थिर हवेत १०० मायक्रॉनचा थेंब ते अंतर पाचेक सेकंदांत कापतो. पाच मायक्रॉनच्या कणाला तेवढ्यासाठी अर्धा तास लागतो, आणि खोलीतली हवा कधीच पूर्ण स्थिर नसते. म्हणजे ज्याला पुस्तके ‘लगेच पडणारा’ म्हणत होती, तो कण एका माणसाची बँकेतली सगळी कामे उरकेपर्यंत त्याच्या डोक्याभोवती फिरत राहू शकतो.

वादात जे युक्तिवाद झाले, त्यातला एक विशेष गाजला. गोवर हवेतून पसरतो आणि एक रुग्ण, लसीकरण नसलेल्या समाजात, बारा ते अठरा जणांना तो देतो. कोविडचा रुग्ण सुरुवातीला दोघा-तिघांनाच देत होता. तेव्हा कोविड हवेतून पसरत नसणार. ऐकायला पटते. पण क्षयाचा संसर्ग गोवराइतका भराभर पसरत नाही, हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे, आणि तो तर हवेतूनच पसरतो. किती जणांना होतो आणि कोणत्या वाटेने होतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरा युक्तिवाद असा, की माणसे जवळ असताना संसर्ग जास्त होतो, म्हणजे तो थेंबांनीच होतो. विडी ओढणाऱ्याच्या शेजारी बसलेल्याला धूर जास्त लागतो. म्हणून धूर हवेतून पसरत नाही असे कोणी म्हणत नाही.

पुराव्याचा भारही असमान होता, हे इथे नोंदवायला हवे. हवेतून प्रसार होतो म्हणणाऱ्यांना खोलीतल्या हवेतून जिवंत विषाणू पकडून दाखवा, असे सांगितले जात होते. मोठे थेंब डोळ्यांत-तोंडात पडून संसर्ग होतो किंवा दाराच्या कडीवरून होतो, याचा तितका थेट पुरावा मात्र कोणी कोणाकडे मागत नव्हते. जुन्या शब्दाला सिद्ध व्हावे लागत नाही, नव्या शब्दाला लागते.

वॉर्डात याचा अर्थ काय होत होता? मार्गदर्शिकांनी एक मधला मार्ग काढला होता. कोविड थेंबांचा आजार. पण श्वासनलिकेत नळी घालताना किंवा तत्सम काही ‘एरोसोल निर्माण करणाऱ्या’ प्रक्रिया करताना तो तेवढ्यापुरता हवेतला. म्हणून नळी घालणाऱ्या डॉक्टरला एन-९५, आणि खोकणाऱ्या रुग्णाची चादर बदलणाऱ्या मावशींना, ऑक्सिजनचे सिलिंडर सरकवणाऱ्या मामांना साधा मास्क. २०२० मध्येच ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या संशोधकांनी शस्त्रक्रियागृहात प्रत्यक्ष कण मोजले. भूल दिलेल्या, स्नायू सैल केलेल्या रुग्णाला नळी घालताना जेवढे कण उडतात, त्यापेक्षा किती तरी जास्त एका साध्या खोकल्यात उडतात, असे आढळले. म्हणजे चांगला मास्क ज्याच्या तोंडावर होता त्यापेक्षा ज्याच्या तोंडावर नव्हता, त्याला धोका कमी होता असे नाही. रुग्णालयात उतरंड असतेच. इथे ती शब्दाच्या व्याख्येआड बसली होती.

पुढची माघार हप्त्याहप्त्याने झाली. एप्रिल २०२१ मध्ये ट्रिश ग्रीनहाल्श आणि इतरांनी ‘लॅन्सेट’मध्ये हवेतून प्रसाराच्या बाजूने दहा कारणे मांडली. त्याच महिन्याच्या अखेरीस आरोग्य संघटनेने आपल्या संकेतस्थळावरची माहिती गाजावाजा न करता बदलली. आपल्याकडे तेव्हा दुसरी लाट कळसाला होती. २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सोप्या चित्रांची एक पुस्तिका काढली. मोठे थेंब दोन मीटरमध्ये पडतात, पण सूक्ष्म कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. दारे-खिडक्या उघडा, पंख्याची जागा बदला, असे तिच्यात होते. हेच वर्षभर आधी सांगितले गेले असते तर, हा प्रश्न ज्यांनी त्या एप्रिलमध्ये माणसे गमावली त्यांना पडणारच. प्रत्यक्ष ‘एअरबोर्न’ हा शब्द संघटनेच्या त्या पानावर डिसेंबर २०२१ मध्ये आला. संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञ डॉ. सौम्या स्वामीनाथन यांनी २०२२ च्या अखेरीस पद सोडताना मान्य केले, की हे पुष्कळ आधी म्हणायला हवे होते. त्या स्वतः क्षयरोगाच्या संशोधक, हवेचे महत्त्व त्यांना कोणी शिकवायला नको होते. संस्थेच्या शब्दकोशापुढे जाणकार माणसाचेही किती चालते, हे त्यातून दिसते.

शेवटी संघटनेने शब्दांचीच बैठक बोलावली. सुमारे पाचशे तज्ज्ञांशी विचारविनिमय करून १८ एप्रिल २०२४ रोजी नवी परिभाषा प्रसिद्ध झाली. थेंब आणि एरोसोल ही विभागणी तिने सोडून दिली, पाच मायक्रॉनची रेघ पुसली. आता श्वासावाटे बाहेर पडणारे सगळेच ‘संसर्गजन्य श्वसनकण’, लहानमोठे, सलग. ते श्वासातून आत जातात किंवा थेट नाका-तोंडावर, डोळ्यांत येऊन पडतात. दोन्ही मिळून ‘हवेतून होणारा प्रसार’. नाव बोजड आहे, कोणाच्या जिभेवर बसेल असे वाटत नाही. पण निदान खोटे नाही. कोणत्या आजारात कोणता मास्क द्यायचा, हे मात्र त्या दस्तऐवजात ठरवलेले नाही. म्हणजे भांडणाचे खरे मूळ जिथे होते, तिथे अजून हात घातलेला नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न कोविडबरोबर संपत नाही, कारण इथे क्षय आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. क्षय हवेतून पसरतो यावर साठ वर्षांत कोणी वाद घातलेला नाही, पण घरात विचारून पाहिले तर उत्तर वेगळे मिळते. थुंकीतून, उष्ट्यातून, ताटातून. भिंतीवरच्या ‘येथे थुंकू नये’च्या पाट्या आणि तपासणीसाठी मागितलेला थुंकीचा नमुना यांनी हा समज घट्ट केला आहे. थुंकणे घाणेरडेच, ते बंद व्हावे. पण जमिनीवर पडलेल्या थुंकीतला जंतू सुटा होऊन, फुप्फुसाच्या तळाशी जाण्याइतका बारीक होऊन परत हवेत उठणे फार अवघड असते. जो खोकल्यातून थेट हवेत येतो, तो आधीच तेवढा बारीक असतो.

परिणाम असा, की सुनेला क्षय निघाला की तिचे ताट, वाटी, पेला वेगळा होतो. तिने चिरलेली भाजी नको होते. कधी तिला माहेरी पाठवले जाते. आणि निदान होण्याआधीचे दोन-तीन महिने ती दहा बाय बाराच्या खोलीत, खिडकी लावून, मुलांना कुशीत घेऊन खोकत झोपलेली असते, त्याकडे कोणाचे लक्ष गेलेले नसते. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत, की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. त्या खालच्या मजल्यांवर क्षय जास्त असल्याचे तिथल्या पाहणीत आढळले. पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांचे आरोग्यधाम होते, तेव्हा ‘हवापालट’ हा शब्द पैसेवाल्यांच्या औषधाचा होता. त्यातल्या ‘पालट’ला डोंगरावर जावेच लागते असे नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या असल्या, की खोलीतली हवा पालटते.

तेव्हा घरात क्षयाचा रुग्ण असेल, तर ताट वेगळे ठेवू नये. जेवण एकत्र करावे. दिवसा दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, थंडीतही. पंखा असेल तर हवा खिडकीतून बाहेर जाईल असा ठेवावा. सुरुवातीचे काही आठवडे रुग्णाने घरात मास्क लावावा, खोकताना तोंडावर रुमाल धरावा, आणि शक्य असल्यास वेगळ्या, हवेशीर जागी झोपावे. नेहमीच्या औषधांना दाद देणारा क्षय असेल, तर गोळ्या नियमित सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत इतरांना होणारा धोका पुष्कळ घटतो; औषधांना न जुमानणाऱ्या क्षयात हा काळ उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठरवावा. गोळ्या मात्र सांगितलेली मुदत पूर्ण होईपर्यंत घ्यायच्याच. घरातल्या लहान मुलांची तपासणी रुग्णाचे निदान झाले त्याच आठवड्यात करून घ्यावी. आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेल्या कोणाचीही थुंकी सरकारी केंद्रात मोफत तपासून मिळते.